सगळ्या टेस्ट हिरव्या

इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये एकेचाळीस खुर्च्या होत्या. त्यांतल्या चौतीस बसण्याजोग्या, पाच बसण्याजोग्या पण टेकण्याजोग्या नव्हेत, आणि दोन केवळ पाहण्याजोग्या. पंखे चार, बटणं मात्र पाच. पाचवं बटण कशाचं याबद्दल इमारतीत दोन मतप्रवाह होते. खिडक्या सहा. टेबल टेनिसचं टेबल एक, त्याची जाळी शून्य. आणि या सगळ्याला लावायचं कुलूप जरी एकच असलं, तरी त्याच्या किल्ल्या दोन होत्या.

ही मोजणी सोसायटीच्या अध्यक्षबाईंच्या भाच्याने केली. कुणी सांगितली नव्हती. पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालेल्या माणसाला एखाद्या खोलीत वाट बघत बसवलं की तो मोजायला लागतो, त्याला इलाज नसतो. सगळ्यात महत्त्वाचा आकडा शेवटचा आहे, हे मात्र त्याला उशिरा कळलं.

एक किल्ली अध्यक्षबाईंकडे असायची, दुसरी सेक्रेटरींकडे. ज्याला हॉल हवा असेल त्याने दोघांपैकी एकाला तोंडी सांगायचं, अशी पद्धत. पद्धत उत्तम होती. फक्त ते दोघे एकमेकांशी बोलत नसत. त्यामुळे एका शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन हॉलमध्ये शिरल्या, तेव्हा आत सहाव्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर आपल्या टपाल-तिकीट संग्राहक मंडळाची वार्षिक बैठक भरवून बसले होते. टेबल टेनिसच्या टेबलावर तिकिटं मांडलेली, ती उडू नयेत म्हणून चारही पंखे बंद, आणि डझनभर प्रौढ माणसं डोळ्याला भिंग लावून श्वास रोखून उभी. डॉक्टरीणबाईंच्या मागून बावीस मुलं आत आली. पंखे कुणी लावले हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. केकच्या क्रीममध्ये एक फार जुनं तिकोनी तिकीट सापडलं. ज्या मुलाच्या वाट्याला ते आलं, त्याने ते चाटून स्वच्छ करून परत दिलं. याबद्दल त्याचं कौतुक व्हायला हवं होतं, ते झालं नाही.

पुढच्या सभेत दोन तास नुसता आरडाओरडा झाला. शेवटी अध्यक्षबाई उभ्या राहिल्या.

"किल्लीबिल्ली काही नको. यापुढे हॉलचं बुकिंग मोबाइलवर. माझा भाचा वेबसाइट करून देईल."

"आणि नाही जमलं त्याला तर?" सेक्रेटरींनी विचारलं. ते नेहमी बसूनच बोलत.

"पुढच्या सभेत, तुमच्या सगळ्यांच्या देखत, हॉल बुक करून दाखवेल. नाही जमलं तर मी ही खुर्ची सोडते."

सेक्रेटरींनी लगेच ते वाक्य सभेच्या वृत्तांतात घातलं. बाकी दोन तासांचा वृत्तांत त्यांनी 'चर्चा झाली' एवढ्यात आटोपला होता.

भाचा तेव्हा वर घरी कपड्यांच्या घड्या घालत होता. मावशीने आल्या आल्या त्याला बातमी दिली. नोकरी लागल्यापासून तो मावशीकडेच राहत होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हतीच. पण कारण तेवढंच नव्हतं. मावशी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, आणि तेव्हापासून तिला 'खाली बसा' म्हणायला वर्ग उरला नव्हता. उरली होती ही एक समिती. महिन्यातून एकदा ती हॉलमध्ये शिरली की आठ-नऊ माणसं अर्धवट का होईना, पण खुर्चीतून उठायची. त्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसायची आणि दुपारपासूनच ताठ चालायला लागायची. भाच्याने हे पाहिलं होतं. त्यामुळे त्याने घडी घालता घालता "करतो" म्हटलं, आणि शर्टाची घडी चुकली.

आता भाचा ज्या कंपनीत होता तिथे वेबसाइट बनवायची एक कडक शिस्त होती. त्याची टीम लीड मॅडम ही शिस्त इतक्या निष्ठेने पाळायची की ती चहात साखर घालण्याआधी चहा कडू आहे याची खात्री करून घ्यायची. शिस्त अशी. कोडची एक ओळ लिहायच्या आधी टेस्ट लिहायची. म्हणजे आपला प्रोग्राम अमुक वेळी तमुक वागतो की नाही हे तपासणारा एक छोटा तुकडा. मग ती टेस्ट चालवायची. प्रोग्राम अजून लिहिलेलाच नसल्यामुळे ती नापास होते आणि स्क्रीनवर लाल दिसते. ती लाल झालेली डोळ्यांनी पाहायची. मग ती हिरवी होण्यापुरता, अगदी तेवढ्यापुरताच कोड लिहायचा. एक अक्षर जास्त नाही. मग पुढची टेस्ट.

भाच्याला ही शिस्त मनापासून आवडली होती. आधी अपेक्षा मांडायची, ती खोटी ठरू शकते हे दाखवायचं, मगच पुढे जायचं: प्रयोगशाळेत त्याने वेगळं काय केलं होतं? शिवाय तिच्यात एक प्रकारची नम्रता होती. आपण नापास आहोत असं आधीच मान्य करून कामाला लागायचं. ही नम्रता इमारतीला कितपत झेपेल याचा विचार त्याने केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतो न बसतो तोच सेक्रेटरी आले.

"वेबसाइट करतोयस ना? एक नियम लिहून घे. सेक्रेटरींच्या परवानगीशिवाय कुणालाही हॉल मिळू नये."

"परवानगी कशी द्याल तुम्ही? म्हणजे त्यासाठी एखादं बटण..."

"परवानगीचं नंतर पाहू. आधी नियम."

"आणि नकार देताना कारण काय दाखवायचं?"

सेक्रेटरींनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "कारण द्यायची गरज नाही. 'क्षमस्व' पुरे."

भाच्याला खरं तर आनंदच झाला. एवढी नेमकी अपेक्षा ऑफिसातही कुणी सांगत नसे. त्याने ती टेस्ट लिहिली आणि चालवली. स्क्रीनभर लाल पट्टा आला. तेवढ्यात मावशीचे यजमान, काका, वर्तमानपत्र शोधत तिथे आले.

"हे लाल काय?"

"नापास झालंय, काका."

"काय नापास झालंय?"

"वेबसाइट."

"कुठाय वेबसाइट?"

"अजून लिहिली नाहीये."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आमच्या वेळी पेपर देऊन आल्यावर नापास व्हायचे," ते म्हणाले. "प्रगती आहे." आणि वर्तमानपत्र घेऊन गेले.

भाच्याने हिरवं होण्यापुरता कोड लिहिला. एकच ओळ होती: कुणीही विचारलं तर नाही म्हणावं, आणि क्षमस्व म्हणावं. शेजारी त्याने स्वतःसाठी टिपण टाकलं: 'तात्पुरतं'. टेस्ट हिरवी झाली. त्याला इतकं बरं वाटलं की तो उठून पाणी प्यायला.

दरम्यान, समोरच्या फ्लॅटमधल्या गाण्याच्या बाई दही मागायला येऊन गेल्या होत्या, आणि त्यांनी फक्त लाल पाहिलं होतं.

इमारतीत बातमी जिन्याने जात नाही, ती लिफ्टने जाते. संध्याकाळी भाचा ऑफिसातून परत आला तर लिफ्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस रे. माझा धाकटा भाऊ तीनदा नापास झाला होता. आज त्याचे दोन दवाखाने आहेत."

"मी नापास नाही झालो. ती टेस्ट..."

"हो हो. टेस्टच अवघड असतात आजकाल."

पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला जिन्यात थांबवून एका शिकवणीचा नंबर दिला. चौथ्या मजल्यावरच्यांनी काही न विचारता जुन्या गाइडांचा गठ्ठा दारात ठेवला. सेक्रेटरींनी मावशीला गाठून आपल्या पुतण्याचं नाव सुचवलं, "तो कधीच नापास झालेला नाही," असं सांगून. (हे खरं होतं. पुतण्या कधी परीक्षेलाच बसला नव्हता.) विद्यापीठात दुसरा आलेल्या माणसाने हे किती दिवस ऐकून घ्यायचं? शेवटी एका सकाळी कॅशियर लिफ्टमध्ये भेटले आणि "काय शास्त्रज्ञ, पुन्हा बसणार का परीक्षेला?" म्हणाले, तेव्हा भाच्याचा बांध फुटला.

"हे बघा काका. नापास व्हायचंच असतं. आधी आपण सांगायचं की वेबसाइटने कसं वागलं पाहिजे. ती तशी वागत नाही हे दाखवायचं. मग तसं वागायला लावायचं. जितक्या टेस्ट जास्त, तितकी वेबसाइट पक्की. एकदा टेस्ट लिहिली की तो नियम कुणाच्या बापाला मोडता येत नाही."

शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. लिफ्ट सहाव्या मजल्यावर पोचली. दार उघडलं. कॅशियर बाहेर पडले नाहीत.

"कुणालाच मोडता येत नाही?"

"नाही."

"मग लिही," कॅशियर म्हणाले, आणि लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. "संध्याकाळी सातनंतर मुलांचा कुठलाही कार्यक्रम. नाही मिळणार हॉल. आणि नुसतं नाही म्हणू नकोस हं त्या बाईंना, नीट लिही. 'सदर विनंती विचारात घेता येत नाही. सातनंतर इमारतीत ज्येष्ठांची विश्रांतीची वेळ असते.'"

त्या दिवसापासून भाच्याला निवांत घास गिळता येईना. डॉक्टरीणबाई आल्या. पंखे बंद ठेवून बसणाऱ्या कुठल्याही मंडळाला हॉल मिळू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. वैद्यकीय कारण होतं. नकाराचं वाक्य त्यांनी दवाखान्यातल्या अनुभवावरून दिलं: 'थोडंसं दुखेल. हॉल मिळणार नाही.' गाण्याच्या बाईंचा चार ते सहा रियाज असे. त्या वेळात खाली टकटक करणाऱ्या खेळाला बंदी. त्यांचं वाक्य एवढं गोड होतं की वाचणाऱ्याला हॉल मिळाला असंच वाटावं. रात्रपाळीवाल्यांना कामाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत शांतता हवी होती. पाचव्या मजल्यावरच्या काकूंना धाडधाड बंद होणाऱ्या दारांविरुद्ध टेस्ट हवी होती. ती हॉलच्या बुकिंगमध्ये बसत नाही असं भाच्याने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग दार आपटणाऱ्यांना हॉल देऊ नका." बसली.

प्रत्येक जण आपलं वाक्य लिहून झालं की विचारायचा, "आता नापास करून दाखव." भाचा टेस्ट चालवायचा, लाल पट्टा यायचा, कारण ते वाक्य अजून प्रोग्रामात नसायचं. मग तो ते वाक्य घालायचा, पट्टा हिरवा व्हायचा, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते भाच्याने आयुष्यात फार कमी चेहऱ्यांवर पाहिलं होतं. ज्यांनी गाइडं दिली होती त्यांनी ती परत नेली. मावशीच्या दारात रांग लागायला लागली. गाण्याच्या बाईंनी तर आपल्या नणंदेला खास टेस्ट दाखवायला आणलं.

ऑफिसात त्याने मॅडमला सांगितलं. त्या माउलीचे डोळे चमकले. "वापरणारे लोक स्वतः टेस्ट लिहून देतायत? माझ्या सबंध नोकरीत असं झालेलं नाही. प्रत्येक टेस्ट आधी लाल झालेली पाहिलीस ना?"

"प्रत्येक."

"आणि हिरवी होण्यापुरताच कोड?"

"अक्षरही जास्त नाही."

"मग चिंता करायचं कारण नाही," मॅडम म्हणाली. तिने जे विचारलं, त्यापुरतं तिचं बरोबर होतं.

सभेच्या दिवशी सकाळी बासष्ट टेस्ट झाल्या होत्या, बासष्टच्या बासष्ट हिरव्या. मावशी इस्त्रीची साडी नेसून टेबलापाशी आली.

"मी एकदा बुक करून बघू का रे? उगाच मनाला."

भाचा दुखावला. "मावशी, बासष्ट टेस्ट आहेत."

"हो, पण आपलं एकदा हाताने..."

"हाताने करून बघणं म्हणजे टेस्टवर विश्वास नसणं. तू शाळेत पेपर तपासल्यावर मुलाला परत तेच तोंडी विचारायचीस का?"

"विचारायचे," मावशी म्हणाली. पण तिने जास्त ताणलं नाही.

हॉल गच्च भरला. काकांनी आपण होऊन टेकता न येणारी खुर्ची घेतली. भाच्याने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि भिंतीवर टेस्टची यादी दाखवली. एकेक ओळ, एकेक हिरवी खूण. प्रत्येक जण आपापली ओळ आली की शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता. बासष्टावी खूण उमटली तेव्हा टाळ्या झाल्या. मावशी पुढच्या रांगेत ताठ बसली होती; तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे कान हसत होते.

"छान," सेक्रेटरी बसूनच म्हणाले. "आता बुक करून दाखवा."

डॉक्टरीणबाई पुढे सरसावल्या. शनिवार, सात ते नऊ, वाढदिवस. बटण दाबलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटलं: 'सदर विनंती विचारात घेता येत नाही. सातनंतर इमारतीत ज्येष्ठांची विश्रांतीची वेळ असते.'

"वा!" कॅशियर ओरडले. "शब्दन् शब्द!"

"आता तुम्ही दाबा ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कॅशियरांनी दाबलं. 'थोडंसं दुखेल. हॉल मिळणार नाही.' या वेळी अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या, ज्यांचे दात बाईंनी काढले होते त्यांनी जरा जास्तच. मग एकच झुंबड उडाली. काकू, रात्रपाळीवाले, टेबल टेनिसवाली पोरं, सगळ्यांनी अर्ज केले, सगळ्यांना नकार आले. आपल्याला नकार आला याचं कुणाला काहीच नव्हतं; दुसऱ्यालाही आला, याचा आनंद मोठा होता. भाचा घाम पुसत होता, पण तो यशाचा घाम होता. प्रत्येक नकार बिनचूक होता.

"आता मी," मावशी म्हणाली. ती उठली तसे आठ-नऊ जण अर्धवट उठले. "मंगळवार, संध्याकाळी पाच ते सहा. काम काही नाही. पंखा लावून, खिडकीशी, एकटी बसणार. मूल नाही, खेळ नाही, तिकीट नाही." तिने बटण दाबलं.

'क्षमस्व.'

कुणीतरी हसलं आणि थांबलं. मावशीने पुन्हा दाबलं. बुधवार टाकला. गुरुवार टाकला. सकाळ टाकली. 'क्षमस्व. क्षमस्व. क्षमस्व.'

"अध्यक्षांनाच नाही मिळत?" सेक्रेटरी म्हणाले. आणि काय आश्चर्य, ते उभे राहिले. "मग मिळतो कुणाला?"

भाच्याला हे उत्तर ठाऊक असायला हवं होतं. त्याने कोड उघडला आणि वरून खाली वाचत गेला. साठ-एकसष्ट नकार, एकाहून एक सुरेख. सगळ्यात शेवटी, जिथे कुठलाच नियम लागू नसलेला माणूस येऊन पोचेल तिथे, ती पहिल्या सकाळची ओळ होती: कुणीही विचारलं तर नाही म्हणावं. शेजारी लिहिलं होतं 'तात्पुरतं'.

"कुणालाच नाही," तो म्हणाला.

"काय?"

"हॉल कुणालाच मिळत नाही. मिळू शकत नाही. म्हणजे... कुणाला मिळावा अशी एकही टेस्ट नाहीये. कुणी सांगितलीच नाही. सगळ्यांनी कुणाला मिळू नये तेवढंच सांगितलं, आणि मी तेवढंच लिहिलं."

"म्हणजे चूक आमची!" कॅशियर म्हणाले.

"नाही. चूक माझी. मी एकदा हाताने करून पाहायला हवं होतं." हे तो मावशीकडे न बघता म्हणाला.

"ते असो," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी मागच्या वृत्तांताचा कागद उघडला. "तर अध्यक्षबाईंनी मागच्या सभेत, सर्वांच्या देखत..."

"मला आठवतंय मी काय म्हणाले ते," मावशी म्हणाली. "सभा अजून संपलेली नाही." मग भाच्याला म्हणाली, "एक टेस्ट लिहायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"बस मग लिहायला." ती वर्गाकडे वळली. होय, वर्गाकडेच, त्या क्षणी समोर चाळीस-पंचेचाळीस मोठी माणसं बसली आहेत असं कुणाला वाटलं नसतं. "कुणीतरी एक सांगा. हॉल कुणाला मिळायलाच हवा. अट एकच: स्वतःचं नाव सांगायचं नाही."

इतकी शांतता त्या हॉलमध्ये तिकिटवाल्यांच्या बैठकीतही झाली नसेल. रात्रपाळीवाले छताकडे बघायला लागले. काकूंना पर्समध्ये काहीतरी सापडेना. भाच्याने उगाच दोन रिकाम्या ओळी टाइप केल्या आणि खोडल्या. सेक्रेटरी घड्याळ बघत होते. मावशी उभी होती. ती बसली नाही, आणि तिने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

"त्या तिकिटवाल्यांना," डॉक्टरीणबाई एकदम म्हणाल्या, जणू दुखरा दात स्वतःच उपटला. "रविवारी सकाळी. द्या. मिळायला हवा त्यांना."

"पंखे..." कॅशियर पुटपुटले.

"बंद ठेवा! पण खिडक्या उघडा म्हणजे झालं. माझी ती टेस्ट बदल रे."

भाच्याने जुनी टेस्ट बदलली, नवी लिहिली आणि चालवली. भिंतीवर लाल पट्टा आला. या वेळी कुणी हळहळलं नाही. "असू दे, आधी व्हावंच लागतं," गाण्याच्या बाईंनी नणंदेला समजावलं. भाच्याने हिरवं होण्यापुरतं लिहिलं: रविवार सकाळ आणि तिकिटवाले असतील तर हो म्हणावं. पट्टा हिरवा झाला.

कॅशियर बराच वेळ आपल्या भिंगाची डबी उघडत-मिटत होते. "वाढदिवसाला," ते म्हणाले. "यांच्या मुलीच्या. शनिवारी. साडेसातपर्यंत."

"आठ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोरांचे आवाज तुम्हाला..."

"तुमचं ते तिकोनी तिकीट मी तीन वेळा धुऊन वाळवून दिलंय."

"आठ," कॅशियर म्हणाले. "माझी सातची आहे ना, ती पण आठची कर रे."

लाल. हिरवी. आता भाच्याच्या प्रोग्रामात दोन होकार झाले होते. दोन्ही वेगवेगळे, दोन्ही नावाने. त्याला मॅडमचं वाक्य आठवलं: दोनदा झालं तर योगायोग, तिसऱ्यांदा झालं तर नियम लिही. त्याने हात वर करून विचारलं, "अजून एक कुणी सांगेल का?"

"टेबल टेनिसच्या पोरांना," गाण्याच्या बाई म्हणाल्या. आपण हे बोललो याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलेलं दिसत होतं. "सहानंतर हं. सहाच्या आधी पाऊल टाकलं तर बघा." मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि काकांनी सगळ्यांच्या वतीने मान डोलावली.

पासष्टावी टेस्ट लाल झाली. या खेपेला भाच्याने तिसरा होकार लिहिला नाही. त्याने आधीचे दोन्हीही पुसले. मग सगळ्यात तळाशी जाऊन 'तात्पुरतं' खोडलं, आणि ती ओळ बदलली: हॉल रिकामा असेल आणि वरचा कुठलाच नियम आड येत नसेल, तर हो म्हणावं. त्याने टेस्ट चालवल्या. एकामागून एक खुणा उमटत गेल्या. आणि एक लाल झाली.

"कुठली ती?" दोघा-तिघांनी विचारलं.

भाच्याने मोठ्याने वाचलं. "सेक्रेटरींच्या परवानगीशिवाय कुणालाही हॉल मिळू नये. कारण द्यायची गरज नाही."

सगळा हॉल सेक्रेटरींकडे वळला. ते पुन्हा बसले होते.

"ती हिरवी कर," ते म्हणाले.

"होईल. पण मग आत्ताच्या तिन्ही लाल होतील. एक तर ही, नाही तर त्या."

"मग माझी परवानगी घ्यायची सोय कर त्यात."

"तुम्हीच म्हणालात, परवानगीचं नंतर पाहू."

"मग आता पाहू!"

"काय पाहायचंय त्यात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मुलीच्या वाढदिवसाला मी परवानगी कशाला मागू? मत घ्या. ही टेस्ट काढून टाकायची का, हात वर करा."

हात वर झाले. कॅशियरांनी तर भिंग धरलेला हात वर केला. विरुद्ध एक हात होता, तो कुणाचा हे लिहायची गरज नाही. काका तटस्थ राहिले. नातेवाईक असल्यामुळे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

"आणि खुर्चीचं काय?" सेक्रेटरींनी शेवटचं विचारलं. त्यांच्या हातात तो कागद अजून होता. "सगळ्यांच्या देखत म्हणाला होतात."

"म्हणाले होते," मावशी म्हणाली. ती अजून उभी होती, आणि आता तिचा एक हात टेबलाच्या कडेवर टेकलेला होता. "काय ते भिंतीवर दिसेल. चालव रे."

भाच्याने सेक्रेटरींची टेस्ट पुसली, या वेळी आधी मावशीचा मंगळवार हाताने टाकून पाहिला, भिंतीवर 'हॉल मिळाला' उमटलं, आणि मग त्याने टेस्टचं बटण दाबलं.

एकूण टेस्ट चौसष्ट. हिरव्या चौसष्ट. लाल शून्य. लागलेला वेळ, एक पूर्णांक तीन दशांश सेकंद.